कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : माणसाच्या गुणास जागा देणारा कारखानदार

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दर वर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असा जुना प्रघात आहे. आजवर बहुधा आपल्याच ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे येथे छापली गेली आणि ते योग्यच झाले. यंदा संपादकमंडळाने आम्हांस जरा निराळा विषय दिला. कारखान्यात व कचेरीत वरिष्ठाने आपल्या माणसांस कसे वागवावे, नव्या कल्पनांस वाव कसा द्यावा आणि काम करणाऱ्याचे शरीर व मन स्वस्थ कसे राहील, याविषयी तरुणांस उपयोगी पडेल असे काही लिहा, असा त्यांचा आग्रह पडला. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. कारखान्याचा आम्हांस प्रत्यक्ष अनुभव नाही. तेव्हा शाळामास्तराला जे करता येते तेच आम्ही करीत आहो. एका मोठ्या माणसाचे चरित्र सांगून त्यातून काय घ्यावे ते वाचकांपुढे ठेवीत आहो. हे गृहस्थ म्हणजे कै. लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर. ते कोणत्या ज्ञातीचे होते हे आम्ही मुद्दामच सांगत नाही. त्याचे कारण लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानात येईलच.

आमचे पाचगणी हे गाव मुळी स्वास्थ्याच्या शोधातूनच वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने येथील हवेचा गुण ओळखला आणि वस्ती वाढविली. पुढे निवासी शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आले. १९६८ साली राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने नैतिक पुनरुत्थानाच्या चळवळीचे एशिया प्लॅटो हे केंद्र येथे उघडले आणि कारखान्यांतील मजूर व व्यवस्थापक एकाच छपराखाली बसून आपसांतील तेढीचा विचार करू लागले. आता शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईकडील तरुण मंडळी मोटारी भरून येतात, टेबल लँडच्या जांभ्या कातळावर बसतात, आणि तेथेही हातातील फोनवर वरिष्ठांस उत्तरे लिहीत असतात. त्यांत आपल्या सभासद-कुटुंबांतील मुलेमुलीही असतात. वेतन उत्तम, कचेरी थंडगार, खाणेपिणे फुकट. पण झोप नाही आणि मुद्रेवर हसू नाही. पाचगणीची हवा दोन दिवस पुरते; सोमवारी पुन्हा तेच. तेव्हा दुखणे हवेचे नसून कामाच्या जागेचे आहे, हे उघड आहे. त्यावरील उपायाची एक जुनी खूण आपल्यापासून फार लांब नाही. घाट उतरून साताऱ्यास जावे, तेथून मिरजेकडील आगगाडीने कऱ्हाड मागे टाकावे, की सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. त्या वाडीची कथा हीच लक्ष्मणरावांची कथा होय.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातील मुलाने चार बुके शिकून सरकारी नोकरी धरावी, अशी त्या काळची रीत होती. या मुलाचे मन मात्र दोनच गोष्टींत रमे: चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे. वडिलांस हे रुचणारे नव्हते. परंतु वडीलबंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षे झाली आणि विपरीत घडले. या विद्यार्थ्यास काही रंगांतील भेद नीट दिसत नाहीत, असे ध्यानात आले. चित्रकारास रंगांधळेपण म्हणजे गवयास बहिरेपण. दुसरा एखादा मुलगा मान खाली घालून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, परंतु रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग कशास हवेत? त्यांनी ती विद्या आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते यांत्रिक रेखनाचे साहाय्यक शिक्षक झाले. शिकवून उरलेल्या वेळात तेथील कर्मशाळेत ते यंत्रे खोलीत, जोडीत आणि त्यांचे मर्म समजून घेत.

त्याच सुमारास, १८८८ साली, उभय बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान मांडले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकून गिऱ्हाइकास बसावयासही शिकवावे, अशी वाटणी होती. व्यापाराचा पहिला धडा भावांनी येथे गिरविला. नुसती वस्तू विकून भागत नाही, ती वापरण्याची विद्याही गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी लागते, हा तो धडा. पुढे नांगर विकताना तो त्यांच्या फार उपयोगी पडला.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती आली तेव्हा ती त्यांस न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. त्यात गुणाचा प्रश्न नव्हता, जन्माचा होता. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. आम्हांस या प्रसंगाचे महत्त्व फार वाटते. अन्याय झालेला मनुष्य दोन वाटांनी जाऊ शकतो. आपल्यावर झाले तेच आपण हाताखालच्यांवर करावे, ही एक वाट. आपल्या अंगणात तरी असे होऊ देणार नाही, असा निश्चय करावा, ही दुसरी. लक्ष्मणराव दुसऱ्या वाटेने गेले, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना काढून प्रथम कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर लोखंडी नांगर घडविण्यास आरंभ केला. आपल्याकडील लाकडी नांगर माती वरवर उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जाऊन ढेकूळ उलथे करतो आणि काळ्या रानात खोल रुजलेली हराळी मुळासकट वर काढतो. वस्तू उत्तम होती, पण शेतकरी ती घेईना. लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशी त्या वेळी समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यास अडाणी म्हणून दोष दिला नाही, हे विशेष. शेतकऱ्याची शंका खोटी असली तरी तिच्यामागील भीती खरी असते. एक हंगाम बुडाला तर त्याच्या घरची चूल विझते. ती भीती वादविवादाने जात नाही, बांधावर नांगर चालताना पाहूनच जाते. नवी वस्तू काढणाऱ्याने आधी धीर धरावयास शिकले पाहिजे, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

व्यवसायास जरा बरे दिवस येतात तोच दुसरे संकट उभे राहिले. गावाची नवी वस्ती वाढवावयाची म्हणून कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम बेळगाव नगरपालिकेकडून आला. यंत्रे, कारागीर आणि त्यांची बायकामुले घेऊन जावे कोठे? या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. हा राजा स्वतः चित्रकार होता आणि सूर्यनमस्काराचा मोठा प्रचारक होता. १९०९ साली तो गादीवर आला. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे. पण गुणी मनुष्य ओळखण्याची दृष्टी मोठी. पुढे ओगले बंधूंचा काचेचा कारखानाही याच संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ उभा राहिला. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांस कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० सालच्या मार्च महिन्यात २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह लक्ष्मणराव तेथे उतरले.

ती जमीन पाहून कोणाचेही पाय मागे सरले असते. चहूकडे निवडुंग, खडक आणि सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा. इंग्लंडात कॅडबरींनी बॉर्नव्हिल आणि लिव्हरांनी पोर्ट सनलाइट या नमुनेदार कामगार-वसाहती याआधीच वसविल्या होत्या, पण त्यांच्या पाठीशी गडगंज संपत्ती होती. येथे होते ते उसने भांडवल आणि पंचवीस घरे. आधी कारखाना उभारून नफा झाल्यावर घरांचे पाहू, असे येथे झाले नाही. निवडुंग तोडणे, घरे बांधणे, पाणी आणणे आणि भट्टी पेटविणे ही कामे बरोबरीने चालली. मालकाचे बिऱ्हाडही त्याच माळावर होते. कामगारास जो विंचू चावेल तो मालकाच्या मुलासही चावू शकत होता. आम्हांस वाटते, पुढारीपणाची खरी परीक्षा हीच आहे. ज्या जागेत आपण माणसांस ठेवतो त्या जागेत आपण स्वतः राहण्यास तयार आहो काय?

आता या वाडीतील माणसांकडे पाहावे. रामूअण्णांकडे वसाहतीची आखणी व कारभार. शंभूराव जांभेकर हे अभियंता. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. के. के. कुलकर्णी पडेल त्या कामात हात घालीत. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती, तरी यंत्रांच्या रचनेत त्यांची बुद्धी अशी चाले की शिकलेल्यांनी पाहत राहावे. लक्ष्मणरावांनी त्यांचे प्रमाणपत्र पाहिले नाही, हात पाहिला. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण, तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही पूर्वी शिक्षा भोगून आलेले. ज्या काळात सरकारचा कायदाच कित्येक जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरवीत होता, त्या काळात या दोघांच्या भरवशावर साऱ्या वाडीने निर्धास्त झोपावे, अशी व्यवस्था लक्ष्मणरावांनी केली. विश्वास टाकला तर मनुष्य त्या विश्वासाएवढा उंच होतो, ही त्यांची श्रद्धा होती आणि ती फुकट गेली नाही. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्यांचा दंडक होता. विहिरीवर, रस्त्यावर, कारखान्यात जात विचारावयाची नाही. ही गोष्ट पुणे करारापूर्वीची, आपल्या राज्यघटनेच्या तर कितीतरी आधीची. लक्ष्मणरावांची ज्ञाती आम्ही आरंभी का सांगितली नाही, हे आता वाचकांनी ताडले असेल. ज्याने आपल्या दाराशी कोणास जात विचारली नाही, त्याचे चरित्र त्याच्या जातीपासून सुरू करणे आम्हांस बरे वाटले नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगरांची आयात रोडावली आणि किर्लोस्करांच्या नांगरास मागणी वाढली. पण लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. त्या वेळी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या जुन्या, निकामी तोफा वितळविण्यासाठी दिल्या. एके काळी ज्या धातूने माणसे मारली, त्याचे फाळ होऊन त्याच मुलखाची शेते नांगरली गेली. टाकाऊ म्हणून काहीच नसते, त्याला योग्य जागा मिळाली नाही एवढेच. लक्ष्मणरावांच्या साऱ्या आयुष्यास हे एकच सूत्र लावून पाहावे. रंग न दिसणारा डोळा, शाळा सोडलेला कारागीर, तुरुंगातून आलेला पहारेकरी, निवडुंगाचा माळ, गंजलेली तोफ. जगाने ज्यास मोडीत काढले त्यात या माणसाने गुण पाहिला आणि त्या गुणास जागा दिली. आजकाल नेतृत्व, नावीन्य आणि स्वास्थ्य या तीन गोष्टींची तीन निरनिराळी शिबिरे भरतात. वाडीत त्या तीन नव्हत्या, एकच होती. ज्याचा गुण ओळखला गेला आहे तो मनुष्य नवे काही शोधतो, आणि ज्याचे मन शोधात गुंतले आहे त्यास रात्री शांत झोप लागते.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. कारखान्याच्या बातम्यांसाठी निघालेले हे पत्र पुढे किर्लोस्कर या नावाने मराठी घराघरांत पोहोचले. १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर ही भावंडे त्यास मिळाली. नांगर घडविणाऱ्या गावात छापखाना असावा आणि त्या छापखान्याने स्त्रियांच्या शिक्षणाचा, सुधारणेचा कैवार घ्यावा, हे योगायोगाने घडले नाही. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्येची पदवी घेऊन १९२६ साली परतले. पुढे पंप आले. १९४१ साली हरिहर येथे यंत्रसामग्रीचा, आणि १९४६ साली पुण्यास तेलइंजिनांचा व बंगळूरास विजेच्या यंत्रांचा कारखाना निघाला. वडिलांनी पुढच्या पिढीस नुसते भांडवल दिले नाही, मोकळीकही दिली.

एक दुःखद प्रसंग टाळून चरित्र पुरे होणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली आणि नंतरच्या दिवसांत आपल्या भागात जातिद्वेषाचा वणवा पेटला. त्यात किर्लोस्करवाडीसही आग लागली. कारखान्याची हानी झाली. जेथे अडतीस वर्षे कोणी कोणास जात विचारली नव्हती तेथे जमावाने मालकाची जात पाहिली. लक्ष्मणराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. वाडी पुन्हा उभी राहिली आणि कारखाना पुन्हा चालू झाला. ज्ञातीची संस्था चालविणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रसंग विसरू नये. आपल्या माणसांस हात देण्यासाठी ज्ञाती एकत्र येते तोवर ती चूल आहे. दुसऱ्यास ओळखण्याचे ती एकमेव साधन झाली की तोच विस्तव घर जाळतो.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

चरित्र लिहिताना केवळ गोडवे गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. अशा वसाहतीत एक अडचण असतेच. जो काम देतो तोच घरही देतो, तेव्हा नोकरी सुटली की छप्परही सुटते. अशा ठिकाणी मालकाविरुद्ध बोलण्यास जीभ सहसा रेटत नाही. सज्जन मालक लाभणे हे भाग्य आहे. पण कामगाराचे जीवन भाग्यावर सोडता येत नाही, म्हणून कायदा लागतो. वाडी वसली त्या १९१० साली प्रौढ पुरुषाने किती तास राबावे यास आपल्या देशात कायद्याची मर्यादाच नव्हती. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ती बारा तासांची घातली. आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा येण्यास १९४६ साल उजाडावे लागले. ही मर्यादा कामगार चळवळीने झगडून मिळविली आहे. आज कचेरीचे दार बंद झाल्यावरही खिशातील फोनमधून कचेरी घरी येते, तेव्हा ती मर्यादा पुन्हा पुसली जात आहे. मालकाची सज्जनता आणि कायद्याचा धाक ही गाडीची दोन चाके होत. एकावर गाडी चालत नाही.

आता थोडे आमच्याविषयी. ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात नापास, इंग्रजीत नापास. वहीच्या मागच्या पानांवर सायकलच्या साखळ्या आणि दातेरी चाके काढीत बसे. आम्ही ती पाने फाडली आणि त्याच्या वडिलांस बोलावून, हा मुलगा शिक्षणास निरुपयोगी आहे असे स्पष्ट सांगितले. तो शाळेतून गेला. आज आसपासच्या गावांतील स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवर पंप बिघडला की लोक त्यालाच बोलावितात. चार मुले त्याच्या हाताखाली शिकून पोट भरू लागली आहेत. रस्त्यात भेटला की तो वाकून नमस्कार करतो. त्याच्या मनात काही राहिले नसावे. आमच्या मनात मात्र राहिले आहे. लक्ष्मणरावांचे चरित्र आम्ही वर्गात अनेकदा शिकविले होते, आणि लक्ष्मणराव वर्गात येऊन बसले तेव्हा आम्ही त्यांस ओळखले नाही.

म्हणून सभासद-कुटुंबांपुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. आपले मंडळ दर वर्षी गुणगौरव समारंभ करते, पण तो वस्तुतः टक्क्यांचा गौरव असतो. पुढील वर्षापासून एक पारितोषिक हाताच्या गुणासाठी ठेवावे. सुतारकाम, यंत्रदुरुस्ती, शिवण, शेती यांपैकी कशातही नवी युक्ती काढणाऱ्या मुलास वा मुलीस, तिची गुणपत्रिका न पाहता, ते द्यावे. दुसरी सूचना अशी. आपल्यापैकी अनेकांची दुकाने आहेत, खानावळी आहेत, पर्यटकांसाठी निवासगृहे आहेत. तेथे आपण माणसे कामास ठेवितो. आपल्या नोकराची रात्री झोपण्याची जागा एकदा जाऊन पाहावी आणि तेथे आपला मुलगा झोपू शकेल काय, एवढेच मनास विचारावे. उत्तर नाही असे आले, तर लक्ष्मणरावांच्या तसबिरीस हार घालण्याआधी त्या खोलीस खिडकी करून घ्यावी.

निवडुंगाच्या माळावर पंचवीस कुटुंबे घेऊन उतरलेल्या त्या पुरुषाचे स्मरण याहून चांगल्या रीतीने होईल असे आम्हांस वाटत नाही. इत्यलम्.